समुद्रांतील पवनचक्कीचा पाया

समुद्रांत पवनचक्क्या उभ्या करितात, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्या उभ्या राहतात कशावर, असा प्रश्न एका वाचकभगिनीनें आम्हांस पत्रानें विचारला आहे. प्रश्न मार्मिक आहे. आपलें लक्ष पात्यांकडे जातें. इंजिनियराची झोप उडते ती पाण्याखालच्या भागापायीं.

घराचा पाया मुख्यतः भार वाहतो. येथें वजनाची चिंता दुय्यम. वारा शेंड्यास आडवा रेटतो, लाटा खालीं धक्के देतात, आणि हें रात्रंदिवस वीस-पंचवीस वर्षें चालावयाचें. त्यांतही महत्त्व धक्क्यांच्या तालास. ओटीवरील झोपाळ्यास नेमक्या वेळीं बोट लाविलें तरी तो केवढा झोका घेतो, हें घरांतील पोरेंही जाणतात. मनोऱ्याचा डुलण्याचा ताल पात्यांच्या फेरीशीं जुळला, तर तीच गत! शिवाय दर फेरींत तीन पातीं मनोऱ्यासमोरून जातात, तेव्हां फेरीच्या तिप्पट वेगाचा दुसरा तालही टाळावा लागतो. म्हणून मनोऱ्याचा ताल या दोहोंच्या मध्यें बसेल, अशा बेतानें पाया आंखतात. परंतु प्रवाहानें बुंध्याची वाळू उकरून नेली, कीं ताल मंदावतो व हिशेब बिघडतो. असा खड्डा खांबाच्या व्यासाच्या सुमारें १.३ पट खोल पडूं शकतो. त्यासाठीं बुंध्याशीं दगडांचा थर घालितात.

समुद्रांतील चक्क्यांचा पहिला समूह डेन्मार्कनें १९९१ सालीं विंडेबी येथें उभारिला. तेथील ११ चक्क्या उथळ पाण्यांत काँक्रीटच्या जड बैठकींवर होत्या. पुढें पोलादाचा एकच जाड नळा तळांत ठोकण्याची रीत पडली. त्याच देशांतील हॉर्न्स रेव्हच्या ८० चक्क्या २००२ सालीं अशाच नळ्यांवर उभारल्या.

ठोकलेल्या नळ्यावर दुसरा नळा टोपणासारखा बसवून मधल्या फटींत सिमेंटचें मिश्रण भरीत. समुद्रांतील तेलाच्या मचाणांवर ही युक्ति उत्तम चालली होती. पण २००९-१० च्या सुमारास उत्तर समुद्रांतील पुष्कळ चक्क्यांचा वरचा नळा खालीं घसरत असल्याचें आढळलें. घसरण कांहीं सेंटिमीटरांचीच. पण त्यामुळें भार येऊन पडला तो बांधणीपुरत्या लाविलेल्या तात्पुरत्या टेकूंवर! मचाणांचे सांधे लहान व्यासाचे, आणि त्यांवरील भार बहुतेक सरळ उभा. येथें नळे चार-पांच मीटर रुंद, अंग गुळगुळीत, आणि वाऱ्याचे हेलकावे अखंड. त्यांनीं सिमेंट पोलादापासून सुटलें व झिजलें. बेरीज-वजाबाकी कोणी चुकलें नव्हतें. सूत्रच दुसऱ्या कामाचें होतें, आणि तें कामाला येईल असें सर्वांनीं गृहीत धरिलें. आम्हांस हीच गोष्ट अधिक बोचते.

पुढें कोणीं सांधा शंकूसारखा निमुळता केला, कोणीं नळ्यांच्या अंगावर पोलादाचे उंचवटे जोडून सिमेंटास पकड दिली. अलीकडे बऱ्याच ठिकाणीं सिमेंटास रजा देऊन दोन्ही भाग बोल्टांनींच आवळतात.

विंडेबीच्या चक्क्या २०१७ सालीं उतरविल्या. त्याच वर्षीं स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेर सुमारें १०० मीटर पाण्यांत पांच चक्क्या सुरू झाल्या, आणि त्यांना पायाच नाहीं. तळाशीं भार घातलेल्या लांब दंडगोलांवर त्या साखळदंडांनीं बांधून तरंगत ठेविल्या आहेत. त्यांची हकीकत पुढील अंकीं देऊं.