चाहत्याची कात्री आणि रोझ होबार्टचे मौन

१/ मराठी वृत्तपत्रांत ‘एकतर्फी प्रेम’ हे शब्द बहुधा गुन्ह्याच्या बातमीत भेटतात. चित्रपटाच्या इतिहासात मात्र अशाच प्रेमातून एक अजोड लघुपट जन्मला : ‘रोझ होबार्ट’, न्यूयॉर्क, १९३६. त्याची थोरवी वादातीत आहे. त्याची कथा ज्या रीतीने सांगितली जाते, ती मात्र अपुरी आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ कर्ता जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२). कलेचे औपचारिक शिक्षण नाही, लग्न नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आई आणि अपंग धाकटा भाऊ यांच्यासह साधे आयुष्य. जुन्या बाजारातून चित्रे, पुस्तके, चित्रपटांची रिळे गोळा करणे हा छंद. त्या वस्तू काचेच्या पेट्यांत मांडून त्याने पुढे कीर्ती मिळवली. नर्तकी आणि नट्या हे त्या पेट्यांचे आवडते विषय. त्यांतली एक पेटी लॉरेन बकॉलची.

३/ १९३१ साली युनिव्हर्सल कंपनीने ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ हा चित्रपट काढला. हरवलेल्या नवऱ्याच्या शोधात जंगलात शिरणारी स्त्री, मगरी, ज्वालामुखी, एक विलासी राजा. सामान्य दर्जाचा, सव्वा तासाचा साहसपट. नायिका रोझ होबार्ट. या चित्रपटाची प्रत कॉर्नेलच्या हाती आली आणि त्याने कात्री उचलली.

४/ त्याने कथानक काढून टाकले. संवाद पुसले. बहुतेक दृश्ये नायिकेचीच ठेवली आणि त्यांचा क्रम मोडला. ती वळते, पाहते, काही बोलू जाते, तोच दृश्य तुटते. मध्येच सूर्यग्रहण येते, पाण्यावर तरंग उठतात. उरली सुमारे १९ मिनिटे. मूळ चित्रपटात कुणाला तरी शोधणारी स्त्री इथे कुठेच पोहोचत नाही.

५/ दाखवतानाही त्याने दोन गोष्टी केल्या. यंत्राची गती मूकपटाइतकी मंद ठेवली आणि भिंगापुढे निळी काच धरली. सोबत ब्राझिली संगीताच्या तबकड्या. जंगलातला साहसपट चांदण्यातल्या स्वप्नासारखा दिसू लागला. चाहत्याच्या मनात नटी कशी वावरते, याचे इतके प्रामाणिक चित्रण क्वचितच झाले असेल.

६/ डिसेंबर १९३६ मध्ये जुलियन लेव्हीच्या कलादालनात तो प्रथम दाखवला गेला. प्रेक्षकांत साल्वादोर दाली होता. आपल्याच मनातली कल्पना चोरली गेली, असा कांगावा करत त्याने प्रक्षेपण-यंत्र पाडले. भिडस्त कॉर्नेल हादरला. त्यानंतर त्याने हा लघुपट क्वचितच दाखवला.

७/ १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या भूमिगत चित्रपटकारांपर्यंत तो पोहोचला. केन जेकब्स काही काळ कॉर्नेलकडे काम करत होता. त्याने प्रत मागून घेतली आणि जॅक स्मिथला दाखवली. २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

८/ इतिहास सहसा इथेच थांबतो : एकाकी कलावंत, त्याचे निरपेक्ष प्रेम, दालीचा थयथयाट. या कथेत रोझ होबार्ट हे केवळ शीर्षक आहे. पण ती हाडामांसाची नटी होती आणि त्याच चित्रीकरणाविषयी तिचेही काही म्हणणे होते.

९/ तिने पुढे सांगितले, की ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’चे काम संध्याकाळी ६ला सुरू होई आणि पहाटे ५ला संपे. सलग दोन आठवडे मगरी, जॅग्वार आणि अजगर यांच्या सहवासात. सुरुवातीच्या चित्रपटांत दिवसाला १८ तास राबवून घेत, आणि वजन उतरले की त्याचीच तक्रार करत. याला अभिनय म्हणायचे का, असा प्रश्न तिला पडला होता.

१०/ एकाच दृश्यात इथे दोन रात्री आहेत. एक कॉर्नेलच्या निळ्या काचेतली. दुसरी पाळीवर राबणाऱ्या नटीची. पहिली जगभर दाखवली जाते, दुसरीचा उल्लेखही होत नाही. ज्या चेहऱ्यावर चाहत्याला गूढ दिसले, त्यावर जागरणाचा शीणही असू शकतो, ही शक्यता आस्वादकांना सुचत नाही.

११/ नट-नट्यांनाही आठ तासांचा दिवस हवा, या मागणीसाठी ती कलाकारांच्या संघटनेत सक्रिय राहिली. साम्यवादी पक्षाची सदस्य नसतानाही १९४०च्या दशकाअखेरीस तिचे नाव काळ्या यादीत गेले आणि तिची चित्रपटांतली कारकीर्द संपली. पडद्यावरचा तिचा आवाज कॉर्नेलने प्रेमाने पुसला होता. तो दुसऱ्यांदा पुसला गेला, तो भीतीपोटी.

१२/ आक्षेप असा येईल, की कॉर्नेल नसता तर तिचे नाव आज कोणी घेतले असते? खरे आहे. त्याने तिला कोणताही उपद्रव दिला नाही. त्याची कात्री फितीवरच चालली. म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. पण नाव टिकणे आणि माणूस टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चाहत्याने नाव टिकवले. माणूस टिकवणे हे इतिहासाचे काम होते आणि त्यात कुचराई झाली.

१३/ ‘रोझ होबार्ट’ हा तिच्याविषयीचा दस्तऐवज नाही, कॉर्नेलच्या ओढीविषयीचा आहे. तो तसाच वाचला तर अधिक मोलाचा ठरतो. १९९४ साली तिचे आत्मचरित्र आले. २००० साली, ९४व्या वर्षी ती वारली. साधने दोन्ही बाजूंची आहेत. लघुपट जरूर पाहावा, आणि तो संपल्यावर ६ ते ५ ही वेळ आठवावी.

(समाप्त)