डाळीतला खडा

मुलांनो,
मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात कधी गेला आहात का? आमची शाळा तिथून जवळच. वर्गातल्या बऱ्याच जणांचे वडील यार्डात हमाली करतात. परवा मधल्या सुट्टीत डबे उघडले आणि एकजण ओरडला, "बाई, डाळीत खडा!" सगळे खो खो हसले. मला मात्र १९४६ सालची डाळ आठवली.

मुंबईत तेव्हा 'तलवार' नावाचं नौदलाचं केंद्र होतं. नाव जहाजाचं, पण होतं जमिनीवर! संदेश पाठवायचं शिक्षण तिथे मिळे. खलाशी आपलेच, विशी-बाविशीतले. गोऱ्यांपेक्षा पगार कमी, जेवण निकृष्ट, डाळभातात खडे. तक्रार केली तर वरून साहेबाच्या शिव्या! १८ फेब्रुवारीला त्यांनी ठरवलं, जेवायचं नाही अन् कामही करायचं नाही. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे वीस हजार खलाशी संपात उतरले. डोलकाठ्यांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे शेजारी शेजारी फडकले.

सरकारने त्यांची रसद तोडली, गोळीबार केला. मग काय झालं ठाऊक आहे? मुंबईची माणसं दूध, फळं, पाव घेऊन गेटवेवर आली. हॉटेलवाल्यांनी, दुकानदारांनी पैसे न घेता खाणं दिलं. पहाऱ्यावरच्या आपल्या शिपायांनीही अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी शहरात हरताळ झाला. लष्कर आणि पोलिसांच्या गोळ्यांनी दोनशेहून जास्त माणसं गेली.

सरदार पटेलांनी खलाशांना निरोप दिला, शस्त्रं खाली ठेवा, तुम्हांला शिक्षा होऊ नये म्हणून आम्ही प्रयत्न करू. सैन्यात शिस्त हवी, असं त्यांचं मत होतं. २३ तारखेला खलाशी शरण आले. पुढे ४७६ जणांना नोकरीवरून काढलं. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, तरी त्यांना नौदलात परत घेतलं नाही.

वर्ग गप्प झाला. मग तोच खडेवाला म्हणाला, "पण बाई, मोठ्या माणसांनी शब्द दिला होता ना?"

"हो रे, दिला होता," मी म्हणाले.

"मग?"

घंटा झाली, पण कुणी डबा आवरला नाही. मलाही त्यांना आवरा म्हणवेना.

तुमच्या बाई