नावेतील बाप

धरमतरच्या खाडीतून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे सागरी अंतर सुमारे ३६ किलोमीटर आहे. पन्नास मीटरच्या तरणतलावात हेच अंतर कापायचे झाल्यास ७२० वेळा इकडून तिकडे जावे लागेल. हा हिशेब माझ्या धाकट्या बंधूने गल्ल्यावर बसून एका बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडला आणि कागद माझ्यापुढे सरकवत तो म्हणाला, "दादा, पोरीला हे पोहायचे आहे." पोरगी एकोणीस वर्षांची. नफ्या-तोट्याच्या कोणत्याच रकान्यात न बसणारी ही मागणी होती.

तलावाच्या तळाशी रेघ असते. दर फेरीला भिंतीला पाय रेटून क्षणभर विसावा घेता येतो. समुद्रात भिंत नाही, रेघही नाही. दर काही हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून दिशा पाहावी लागते. निघण्याचा मुहूर्त तर आपल्या हातीच नसतो. खाडीतून बाहेर पडताना ओहोटीची साथ घ्यावयाची आणि पुढे भरतीसोबत बंदराकडे सरकावयाचे. ही वेळ चुकली की तासभर हात मारूनही माणूस जागच्या जागी राहतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे मंद भरतीचे दिवस येतात. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या आमच्या घराला हे पंचांग नवे शिकावे लागले नाही.

शिकावे लागले ते स्वयंपाकघराला. लांब पल्ल्याच्या पोहण्यात साधारण दर अर्ध्या तासाने काही पोटात जावे लागते. कोणी उकडलेले बटाटे सुचवले, कोणी मध. दोन्ही आमच्याकडे वर्ज्य. शेवटी तांदळाची पातळ पेज, खजूर आणि केळे यांवर जमले. मिठाच्या पाण्याने काखेत व मानेवर कातडी सोलवटते म्हणून चोपडण्याच्या मलमात लॅनोलिन असते. ते मेंढीच्या लोकरीतून काढतात हे भावजयीने वेष्टनावर वाचून शोधले आणि साधी पेट्रोलियम जेली आणवली. पहाटेच्या अंधारात निघावे लागले तर पहिल्या घोटांचे काय, हा प्रश्न मात्र आमच्या मातोश्रींपुढे अद्याप प्रलंबित आहे.

खरी कठीण तालीम झाली ती बंधूची. अशा पोहण्यात नावेला अथवा नावेतील माणसाला धरून आधार घेतला की प्रयत्न बाद होतो. पेजेची बाटलीसुद्धा दोरीला बांधून पाण्यात सोडतात. म्हणजे बापाने हाताच्या अंतरावर बसावयाचे आणि हात लावावयाचा नाही.

अलिबागजवळ सहा तासांचा सराव ठरला, तेव्हा मीही होडीत होतो. बंधूने सोबत कीर्दवही घेतली होती. मिनिटाला किती हात पडतात हे तो दर अर्ध्या तासाने लिहीत होता: ६४, ६४, ६३. चौथ्या तासाला जेलीफिश दंडाला डसला. "पप्पा!" अशी हाक आली आणि हा पठ्ठ्या काठावरून ओणवा होऊन हात पुढे करू लागला. प्रशिक्षकांनी त्याचा खांदा मागे ओढला व पोरीला विचारले, "आज तिथी कोणती?" "सप्तमी," ती रडत रडत, पण ठणकावून म्हणाली. "मग पोह," ते म्हणाले. उत्तर ठीक येते तोवर डोके शाबूत आहे, हा त्यांचा आडाखा. मला ते त्या वेळी निर्दय वाटले.

पुढे खारे पाणी पोटात गेले. दोन वेळची पेज उलटून पडली. वहीत ५८ आले, मग ४९. पुन्हा तिथी विचारली. ती नुसती होडीकडे पाहत राहिली. या वेळी प्रशिक्षक बोलण्याआधीच बंधूने तिला दंडाला धरून वर घेतले. सराव संपावयास वीस मिनिटे उरली होती.

दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. मी तिला आरती साहा यांची हकीकत सांगितली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहताना उलट्या प्रवाहामुळे किनारा जवळ आला असता त्यांना थांबावे लागले. महिनाभराने, २९ सप्टेंबरला, त्यांनी ती १६ तास २० मिनिटांत पार केली. ती म्हणाली, "काका, त्यांच्या होडीत त्यांचे पप्पा नव्हते." यावर मजजवळ उत्तर नव्हते.

तिसऱ्या दिवशी बंधूने दुकानात वही उघडली. त्याच्या '५ तास ४० मिनिटे' या नोंदीखाली पोरीच्या अक्षरात एक ओळ होती : "पेज फार घट्ट होती. रविवारी पातळ करावी, आणि कोमट."