खेकड्यांच्या आधीचा प्रश्न

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालच्या भेंदवाडीतली घरं वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. राज्यभर हसू झालं. मीही दोन विनोद पुढे पाठवले, आता लाज वाटते.

कारण खेकडे बांधाला भोकं पाडतात, हे खोटं नाही. कोकणातल्या शाळकरी पोरांनाही ते ठाऊक असतं. म्हणून तर शेतकरी भरपावसात खाचराच्या बांधावर फेरी मारतो, भोक दिसलं की चिखलाने बुजवतो. त्याला कुणी पगार देत नाही. धरणाला मात्र खातं होतं, अभियंते होते. त्यांनी शेवटची फेरी कधी मारली, हे विचारायचं सोडून आपण खेकड्यांवर हसत बसलो.