टोळांची कुंडली कोणी मांडायची?

मे २०२०च्या अखेरीस, देश टाळेबंदीत असताना, टोळधाड मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा, नागपूरच्या शिवारांत उतरली. शेतकरी थाळ्या-डबे बडवीत रानात धावले आणि कृषी खात्याने रात्री फवारणी केली. हे संकट आपल्याला नवे नाही. अतिवृष्टी-अनावृष्टीच्या पंक्तीत ‘शलभ’ म्हणजे टोळ हीदेखील एक ‘ईति’ म्हणून आपल्या पूर्वजांनी गणली होती. शत्रू इतका जुना. पण त्याची कुंडली मांडली कोणी?

कुंडली म्हणजे त्याचा जनुकसंच, आणि ते काम मोठे जिकिरीचे आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात, तर वाळवंटी टोळाच्या संचात साडेआठ अब्जांहून अधिक! जनुके मात्र माणसाहून जास्त नाहीत. उरलेला विस्तार बव्हंशी त्याच त्या मजकुराच्या असंख्य प्रतींचा आहे. यंत्र हा ग्रंथ सलग वाचू शकत नाही. ते तुकडे वाचते आणि संगणक ते जुळवतो. सारखीच वाक्ये हजारो पानांवर असतील, तर कोणता तुकडा कुठला हे कसे ठरवायचे? शे-दीडशे अक्षरांच्या तुकड्यांनी हे कोडे नीट सुटत नव्हते. एका दमात हजारो अक्षरे वाचणारी यंत्रे आली, तेव्हा गुणसूत्रांपर्यंत पोहोचता आले.

चीनच्या विज्ञान अकादमीतील ले कांग यांच्या चमूने २०१४ साली ‘लोकस्टा’ जातीच्या टोळाचा साडेसहा अब्ज अक्षरांचा आराखडा प्रसिद्ध केला. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. २०२० साली त्यांनी टोळांना एकत्र आणणारा गंधरेणू शोधला. तो गंध ओळखणारे जनुक निकामी करताच टोळांची त्याकडील ओढ नाहीशी झाली. आराखडा हाती असल्याचा लाभ तो हा. एकटा राहणारा निरुपद्रवी टोळ आणि झुंडीत पिके फस्त करणारा टोळ यांचा जनुकसंच एकच असतो. फरक पडतो तो कोणते जनुक केव्हा जागे होते यात.

आपल्याकडे येतो तो मात्र निराळा, वाळवंटी टोळ. त्याचा पहिला आराखडा २०२० साली बेल्जियममधील ल्यूवेन विद्यापीठाच्या पुढाकाराने आला; पुढे अमेरिकेतील संशोधकांनी त्याच्यासह त्याच्या भाईबंदांचे गुणसूत्रनिहाय संच जुळवले. या दोन्ही देशांतील शेतकऱ्यांच्या पिकावर हा टोळ कधी उतरत नाही. धाड पडते ती आफ्रिकेत, अरबस्तानात, बलुचिस्तानात आणि आपल्या थरच्या वाळवंटात.

परक्यांनी केले म्हणून रुसण्याचे कारण नाही. ही माहिती सर्वांना खुली आहे आणि कोणाच्याही परवानगीवाचून वापरता येते. शिवाय एका-दोन टोळांवरून मांडलेल्या कुंडलीत साऱ्या जातीचे वैविध्य येत नाही. राजस्थानात उतरणाऱ्या झुंडी कोणत्या प्रदेशातील पैदास, मॅलेथिऑनला दाद न देणारे टोळ त्यांत निपजत आहेत काय, हे प्रश्न आपले आहेत. त्यांची उत्तरे ल्यूवेनने का शोधावीत? जोधपूरची टोळ-इशारा संघटना १९३९पासूनची. तिच्या चौक्यांवरील कर्मचाऱ्यांनी प्रत्येक धाडीतले शे-दोनशे टोळ शीतपेटीत जपून कृषी विद्यापीठांकडे पाठवावेत आणि विद्यापीठांनी ते वाचण्यासाठी संगणक व माणसे आधीच सज्ज ठेवावीत. धाड आल्यावर निविदा काढून हे काम होत नसते.