पेन्शनची तूट मोजल्याशिवाय सही कराल, तर सभेत जाब द्यावा लागेल

परदेशातली कंपनी विकत घेण्यासाठी कर्ज काढणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांच्या संचालकांना आणि वित्त प्रमुखांना हा आम्हा भागधारकांचा जाहीर इशारा आहे. कर्जकरारात परदेशी कर्मचारी लाभ योजनांचं जे कलम असतं, त्यावर डोळे झाकून सही करणं थांबवा.

त्या कलमाखाली तुम्ही हमी देता, की प्रत्येक परदेशी उपकंपनीने पेन्शनची वर्गणी वेळेवर भरली आहे, योजना तिथल्या कायद्याप्रमाणे चालते आणि तूट मर्यादेत आहे. ही हमी एकदा देऊन सुटका होत नाही. बहुतेक करारांत कर्जाच्या प्रत्येक उचलीच्या वेळी ती पुन्हा दिली असं धरलं जातं. ती खोटी ठरली, तर बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते आणि क्रॉस-डिफॉल्टमुळे, म्हणजे एक करार मोडला की दुसरेही मोडले असं धरणाऱ्या कलमामुळे, तुमची बाकीची कर्जंही त्यात ओढली जातात.

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथल्या अनेक कारखान्यांत मालकाने कामगाराला थेट पेन्शनचं वचन दिलेलं असतं. त्यासाठी वेगळा निधी नसतो, देणं कंपनीच्याच ताळेबंदात असतं आणि तिथल्या कायद्याला ते चालतं. अशी कंपनी घेताना जुन्या मसुद्यातलं ‘सर्व योजनांत पुरेसा निधी आहे’ हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं ठेवलंत, तर सही केली त्याच दिवशी करार मोडलात.

ब्रिटनमध्ये धोका निराळा आहे. एकाच योजनेची तूट तिथे तीन मापांनी मोजली जाते: हिशेबाच्या मानकाप्रमाणे, विश्वस्तांच्या त्रैवार्षिक मूल्यांकनाप्रमाणे आणि विमा कंपनीने सगळं देणं उचलायचं ठरवलं तर ती मागेल त्या किमतीप्रमाणे. पहिल्या मापाने शिल्लक दिसते, तेव्हा तिसऱ्या मापाने मोठी तूट असू शकते. कंपनी बुडाली की मागणी तिसऱ्या मापाने होते. तुमच्या कलमात यातलं कोणतं माप लिहिलं आहे? याचं उत्तर तयार नसेल, तर सही करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

‘उपकंपनीचं देणं उपकंपनीपाशी’ या भरवशावरही राहू नका. २००४ च्या कायद्याने ब्रिटनच्या पेन्शन नियामकाला समूहातल्या दुसऱ्या कंपन्यांकडून पैसे मागण्याचा अधिकार दिला. २०२१ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन, योजनेचं जाणूनबुजून नुकसान करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. बीएचएस ही दुकानांची साखळी २०१५ मध्ये एका पौंडाला विकली गेली आणि पुढच्याच वर्षी बुडाली. पेन्शनची तूट ५७ कोटी १० लाख पौंड होती. २०१७ मध्ये जुन्या मालकाला ३६ कोटी ३० लाख पौंडांपर्यंत भरण्याचं मान्य करावं लागलं.

मुंबईला हे परकं नाही. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही पोलाद कंपनी घेतली, तेव्हा तिच्याकडची ब्रिटिश स्टीलची प्रचंड पेन्शन योजना सोबत आली. २०१७ मध्ये तिच्यापासून वेगळं होताना ५५ कोटी पौंड आणि ब्रिटनमधल्या व्यवसायातला ३३ टक्के हिस्सा द्यावा लागला. त्या गोंधळात हजारो पोलाद कामगार योजनेतून बाहेर पडले. त्यांतल्या अनेकांना चुकीचा सल्ला मिळाला आणि आयुष्यभराचं खात्रीचं उत्पन्न हातचं गेलं. बँकेला तारण असतं, या माणसांपाशी फक्त मालकाचा शब्द असतो. म्हणून हे कलम वकिलांवर सोडून देता येत नाही.

अमेरिकी कंपन्यांच्या पुण्यातल्या उपकंपन्यांनीही ऐकावं. तिकडच्या कर्जकरारात तुमची ग्रॅच्युइटी आणि तुमचा भविष्यनिर्वाह निधीचा ट्रस्ट हीच परदेशी योजना ठरू शकते. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था बुडाली, तेव्हा अशा अनेक ट्रस्टचे पैसे तिच्या रोख्यांत अडकले. ट्रस्टची तूट मालकानेच भरून द्यायची असते. आपल्या ट्रस्टची स्थिती मुख्यालयाला लेखी कळवा.

आता मुदत. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. त्या सभेआधी प्रत्येक देशातली योजना, शेवटच्या मूल्यांकनाची तारीख, तूट, ती कोणत्या मापाने काढली आणि हमीवर सही कुणाची, हे लेखापरीक्षण समितीने भागधारकांपुढे लेखी ठेवावं. नाही ठेवलं, तर आम्ही भागधारक ताळेबंदाच्या आणि संचालकांच्या फेरनेमणुकीच्या ठरावांविरुद्ध मत देऊ. हेच प्रश्न कर्ज देणाऱ्या बँकांना आणि परदेशी योजनांच्या विश्वस्तांनाही त्याच दिवशी लेखी पाठवू.