सोयरीक काचपेटीतली

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझा भाऊ आला तो रिकाम्या हाताने. ताटात त्याने नुसती एक चिठ्ठी टाकली, ‘वस्तू खाली गाडीत आहे. उचलायला दोन माणसे पाठवा.’ वस्तू म्हणजे २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी. ओवाळले मी आणि ओवाळणी मिळाली माझ्या लेकीला! भाचीने मामाजवळ मासे मागितले होते म्हणे. मामा टाकी देऊन मोकळा झाला. मासे, माशांचे दुखणे-खुपणे आणि ७० लिटर पाण्याची ने-आण ही आईच्या वाट्याला आली.

आमच्या घरी तेव्हा अण्णा, म्हणजे माझे सासरे, नुकतेच राहायला आले होते. ‘राहायला’ हे आमचे म्हणणे. त्यांच्या मते ते चार दिवसांसाठी आले होते. सासूबाई त्याच वर्षी श्रावणात गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात अण्णांनी उभी हयात पोस्टमास्तरकी केली. तिथल्या कौलारू घराला कुलूप लावून त्यांना पुण्याला आणले, तेव्हा त्यांनी एक ट्रंक बरोबर घेतली. ती त्यांनी कपाटात रिकामी केलीच नाही. लागेल तेवढा सदरा काढायचा आणि पुन्हा कडी घालायची. ‘घर’ हा शब्द ते गावच्या घरापुरताच वापरीत. आमच्या फ्लॅटला ते ‘तुमचे बिऱ्हाड’ म्हणत. दिवसातून एकदा, बहुधा संध्याकाळच्या चहाला, ‘दिवाळी झाली की घरी जातो’ एवढे एक वाक्य. बाकी बोलणे नाही.

तर मासे. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे, म्हणजे मी, लेक आणि आमचे हे, एका दुकानात गेलो. साडीच्या दुकानात बसावे तसे बसलो आणि रंग पाहून निवड केली. शेंदरी हवा म्हणून दोन गोल्डफिश. पट्टे छान म्हणून चार टायगर बार्ब. डौल म्हणून एंजलची जोडी. शेपट्यांसाठी सहा गप्पी. निळा-लाल चमकतो म्हणून सहा निऑन टेट्रा. ‘काच साफ ठेवतो’ असे दुकानदाराने सांगितले म्हणून एक सकर. एकूण २१ जीव. ‘पाणी भरा, दोन तास मोटर चालवा आणि सोडा,’ हा त्या दुकानदाराचा सल्ला. हा मनुष्य आम्हाला काय विकतो आहे, हे त्यालाही ठाऊक होते आणि आम्हाला मात्र नव्हते.

अकराव्या दिवशी १४ मासे गेलेले होते.

आधी टायगर बार्बांनी गप्पींच्या शेपट्या कुरतडल्या. मग एंजलचे ते लांब दोरे. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले आणि मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. लेक शाळेतून आली की आधी टाकी पाही आणि मग रडे. गप्पी, निऑन, एंजल सगळे गेले. दांडगे तेवढे उरले. आमचे हे म्हणाले, ‘टाकी विकून टाकू.’ मला ते पटलेही होते.

तेव्हा अण्णांनी ट्रंक उघडली. तिच्यातून त्यांनी लाल कापडी पाठीची एक जुनी वही काढली, पानावर मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला ‘आवक’ आणि दुसऱ्या बाजूला ‘जावक’ असे लिहिले. जावकच्या रकान्यात चौदा नोंदी, तारखांसह. त्यांच्या लक्षात सगळे होते. आम्ही कामावर आणि लेक शाळेत, तेव्हा दिवसभर टाकीसमोर बसलेला मनुष्य घरात तो एकच होता.

‘यात माशांचा दोष नाही,’ ते मला म्हणाले. ‘सोयरीक करताना आधी काय बघतात?’

‘पत्रिका?’

‘पत्रिका मागाहून. आधी गावाला पाणी कसे आहे ते बघतात. मग मुलगी देतात.’

या एका वाक्यात मासे पाळण्याची निम्मी विद्या आहे, हे मला पुढे चार पुस्तके वाचल्यावर कळले. आमच्या सोसायटीत निम्मे पाणी पालिकेचे आणि निम्मे बोअरचे. बोअरचे पाणी आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातून येते, जड असते, नळाच्या तोंडाशी पांढरे पापुद्रे धरते. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, किंचित आंबट पाण्यातला जीव. त्याला आमच्या पाण्यात घालणे म्हणजे कोकणातल्या माणसाला एकदम मराठवाड्याच्या उन्हात उभे करणे. उलट गप्पी, मॉली, प्लॅटी यांना असे जड पाणी मानवते. ज्यांच्याकडे मऊ पाणी आहे त्यांनी निऑन जरूर आणावेत, मात्र सहाआठांच्या खाली नको. एकटादुकटा निऑन कोपऱ्यात भिऊन बसतो. आमच्या लेकीला हे समजावताना मला दोन दिवस लागले. तिला तोच निळा रंग हवा होता.

पाण्याची दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मासे पाण्यातच खातात, पाण्यातच घाण करतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. जुन्या टाकीत, गाळणीच्या स्पंजावर आणि खड्यांवर, सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते मासे बऱ्यापैकी सोसतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या दुकानदाराने दोन तास सांगितले होते.

म्हणून आम्ही टाकी रिकामी केली. गोल्डफिश भावाच्या अंगणातल्या हौदात गेले. ज्याची भेट त्याला पोहोचली. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, वीतभर वाढणारा, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगणारा आणि बेसुमार घाण करणारा. उष्ण पाण्यातल्या चिमुकल्यांबरोबर त्याला कधी ठेवू नये. टायगर बार्ब दुकानदाराने परत घेतले, पैशाचे नाव न काढता. त्यांच्याविषयी एक शब्द सांगायला हवा, कारण त्यांची उगाच बदनामी होते. हा मासा टोळीचा. आठ-दहांची टोळी असली तर त्यांच्या खोड्या आपसात चालतात. चारच असले, आणि शेजारी लांब पदर सोडलेले कुणी असले, की ते पदर ओढणारच. त्यांना शेजार आम्ही चुकीचा दिला.

राहिला सकर. हा दुकानात दोन इंचांचा असतो, पण मोठेपणी फूट-दीड फूट होतो. शेजारचे एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘मुठेत सोडून द्या, पुण्य लागेल.’ अण्णा एवढे चिडलेले मी प्रथमच पाहिले. दक्षिण अमेरिकेतला हा मासा लोकांनी असाच पुण्य म्हणून नद्यांत सोडला. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. ‘आयुष्यभर मासे खाल्ले, पण नदीचे वाईट केले नाही,’ असे त्या गृहस्थांना सांगून अण्णा स्वतः रिक्षाने सकर दुकानात पोहोचवून आले. रिक्षाला माशाच्या किमतीहून जास्त पैसे पडले. वहीत तोही खर्च आहे.

मग पाच आठवडे आमच्या दिवाणखान्यात नुसते पाणी होते. गाळणी चालू, दिवा चालू, रोज चिमूटभर खाणे टाकायचे (ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून) आणि आत काही नाही. येणारा प्रत्येक जण विचारी, ‘मासे कुठे आहेत?’ अण्णा त्याला खुर्ची देत आणि जंतूंची हकिगत पहिल्यापासून सांगत. औषधाच्या थेंबांनी पाणी तपासायची पेटी मिळते. पिवळा रंग आला तर अमोनिया नाही, हिरवा आला तर आहे. हिरवा, हिरवा, हिरवा अशा नोंदी वहीत तीन आठवडे आहेत. मग एके सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. नळी खिडकीच्या उजेडात धरली होती. पिवळी. पुढे पंधरा दिवसांनी नायट्राइटही उतरले. दिवाळी केव्हाच संपली होती आणि ‘घरी जातो’ हे वाक्य त्या दिवसांत कुणी ऐकले नाही. अर्थात ट्रंक पलंगाखाली होतीच.

दुसरी निवड आम्ही घाईने केली नाही. पाणी जुळल्यावर तोंड पाहावे. जे तोंडात मावेल ते मासा खाणारच, मग तो कितीही सात्त्विक दिसो. आज आठ आण्याएवढी दिसणारी एंजल मोठी झाली की निऑन गिळते. म्हणून मासा दुकानात केवढा आहे हे न विचारता पुरा वाढला की केवढा होतो ते विचारावे. शिवाय कोण कुठल्या मजल्यावर राहतो हेही पाहावे. काही वर, काही मध्ये, काही तळाशी. चाळीत जशी तळमजल्याची बिऱ्हाडे वेगळी.

मधल्या मजल्यासाठी आम्ही सहा झेब्रे घेतले. निळे-रुपेरी पट्टे, बोटाच्या दोन पेरांएवढे, थांबणे ठाऊक नाही. हा आपला देशी मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याची नोंद केली. ‘दानिओ’ हे शास्त्रीय नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून, म्हणजे भातखाचरातला, असे सांगतात. जगभरच्या प्रयोगशाळांत आज तो पाळला जातो आणि आपल्याकडे दुकानात सर्वांत स्वस्त म्हणून कोपऱ्यात पडून असतो.

गप्पी पुन्हा आणले, सहाही नर. रंग नराला, मादी मोठी आणि मातकट. त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी याचे नाव १८६६ साली या माशाला मिळाले. शास्त्रज्ञांनी मागाहून ते बदलले, पण लोकांच्या तोंडून ते गेले नाही. भाषेचे असेच असते, हे मी वर्गातही सांगते. लेकीने विचारले, ‘बायका का नाहीत?’ तिला सांगितले की गप्पीची मादी महिन्याला पिले देते, आणि नर टाकीत नसला तरी एका भेटीवर काही महिने देत राहते. ७० लिटरांत तो संसार मावणार नाही. तिने विचार केला आणि ‘मग नकोच,’ म्हणाली. हा उखाणा मला अजून सुटलेला नाही.

तळाला पाच कोरीडोरास, मिशाळ, गरीब स्वभावाचे. त्यांना बारीक वाळू लागते, टोकदार खड्यांनी मिशा झिजतात. आणि वरच्या मजल्याला एकच लाल गुरामी, लाल-निळ्या तिरप्या पट्ट्यांचा, हाही गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुलखातला, वर येऊन हवा घेणारा. दोन नर ठेवले तर भांडतात. लेकीचा निळा रंग असा शेवटी मिळाला. हे सारे एकदम आणले नाहीत. दर पंधरा दिवसांनी एक जात, पिशवी पाव तास टाकीत तरंगत ठेवून, थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालून.

रंगाबद्दल एक सावधगिरी. काचमासा म्हणून एक पारदर्शक देशी मासा आहे. त्याला सुईने रंग टोचून गुलाबी-हिरवा करून विकतात. रंग काही महिन्यांत उतरतो, मासा बहुधा त्याआधीच जातो. मागणारे आपण, म्हणून विकतात.

एका गोष्टीवरून मात्र घरात भांडण झाले. सकाळी अण्णा खाणे घालत, दुपारी लेक आणि ‘बिचारे उपाशी दिसतात’ म्हणून रात्री मी. तळाशी गाळ साचला. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. जुन्या मराठीचा पुरावा म्हणून आम्ही त्याचे नाव वर्गात घेतो. त्यात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरण आहे आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावे हेही आहे. अर्थात राजेसाहेबांचा विनोद गळ टाकण्यात होता. खाऊ घालण्यामागचा आमचा हेतू चांगला होता आणि परिणाम तोच झाला असता. आता दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि घालणाऱ्याने वहीत सही करायची. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेले, म्हणजे क्लोरीन उडून जातो. गाळणीचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर जंतूंची वस्ती वाहून जाते. थंडीत पुण्याला हीटर लागतोच. मुंबईकरांना तो खर्च सहसा नाही.

यंदा श्रावणात सासूबाईंचे वर्षश्राद्ध झाले. नवरात्रानंतर अण्णा कौले पाहायला कोकणात गेले. ट्रंक घेऊन गेले, म्हणून मी काही विचारले नाही. रोज रात्री फोन येई. पहिला प्रश्न ‘पाणी किती अंश?’ आणि माझी तब्येत त्यानंतर. दहाव्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने ते दारात उभे. ट्रंक नव्हतीच. खांद्याला पिशवी आणि पिशवीत परसातल्या बदामाची वाळून गळलेली पाने. ती टाकीत टाकली की पाण्याला चहासारखा रंग येतो आणि गुरामीला ते मानवते. दुकानात हीच पाने मोजून विकतात, याचा त्यांना भारी राग.

चहा घेण्याआधी त्यांनी वही उघडली. मी कप ठेवायला गेले तेव्हा शाई ओली होती. आवक : बदामाची पाने, ३५. गावाहून घरी आणली.